औषधाच्या दुकानात लस टोचून घेता येईल का?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य आणि कायदा

प्रश्न : माझे वय ६८ आहे आणि मला मधुमेह आहे. मागच्या हिवाळ्यात मी इंग्लंडमध्ये मुलीकडे होते, तेव्हा तिच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानात पैसे भरून फ्लूची लस घेतली. ती तिथल्या फार्मासिस्टनेच टोचली आणि सगळे काम पंधरा मिनिटांत झाले. यंदा इथे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, मी मेडिकलमधून लस विकत घेतली, दुकानदाराने ती बर्फाच्या पिशवीत घालून दिली आणि ती पिशवी हातात धरून मी दवाखान्यात दीड तास नंबराची वाट पाहत बसले. हे काम मेडिकलमध्येच का होत नाही?
(एक वाचक, वाई)

उत्तर : ताई, थोडक्यात सांगायचे तर आपल्या कायद्याने फार्मासिस्टला लस विकण्याचा अधिकार दिला आहे, टोचण्याचा दिलेला नाही. १९४८ चा फार्मसी कायदा आणि २०१५ ची फार्मसी व्यवसायविषयक नियमावली यांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध देणे, ते कसे घ्यायचे ते समजावणे आणि रुग्णाला सल्ला देणे ही फार्मासिस्टची कामे स्पष्टपणे लिहिलेली आहेत. आपल्या दुकानात स्वतःच्या जबाबदारीवर लस टोचण्याची तरतूद मात्र त्यांत कुठेही नाही. त्यामुळे आपल्या दुकानदाराने जे केले ते नियमाला धरूनच होते.

इंग्लंडमधील व्यवस्था पाहिली की आपल्याकडे नेमके काय नाही ते कळते. तिथेही फार्मासिस्टला मनाला येईल ती लस, मनाला येईल त्याला देता येत नाही. कोणती लस, कोणत्या वयोगटाला, कोणत्या आजारात द्यायची नाही आणि त्रास झाल्यास काय करायचे, हे सगळे लिहिलेला एक लेखी निर्देश असतो. त्यावर ज्येष्ठ डॉक्टर आणि ज्येष्ठ फार्मासिस्ट अशा दोघांच्या सह्या असतात आणि त्या निर्देशाखाली काम करणाऱ्या प्रत्येक फार्मासिस्टला स्वतःच्या नावाने सही करून ती जबाबदारी घ्यावी लागते. अशा निर्देशांना २००० साली कायद्याचा आधार मिळाला, तरी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने देशभरातील औषधाच्या दुकानांतून फ्लूची लस देणे सुरू केले ते २०१५ मध्ये. मधली पंधरा वर्षे वाया गेली असे मी मानत नाही, कारण प्रशिक्षणाचा किमान दर्जा काय असावा आणि दुकानात स्वतंत्र खोली हवी की नको, असे प्रश्न त्या काळात सोडवले गेले. सरकारी सेवेतून दिलेल्या लसीची नोंद रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्याची सोयही तिथे आहे.

आपण बर्फाच्या पिशवीचा उल्लेख केलात, त्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते लस कोणी टोचली यापेक्षा टोचण्याआधी ती कशी सांभाळली हा प्रश्न अधिक गंभीर आहे. फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची असते. उष्णतेने लस खराब होते हे बहुतेकांना ठाऊक असते, पण गोठल्यानेही ती निकामी होते हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यातही वाईट हे की, एकदा गोठून पुन्हा वितळलेली लस डोळ्यांना नेहमीसारखीच दिसू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका लसीकरणाला निघताना बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच डब्यात भरत नाहीत. त्या ते काही वेळ बाहेर ठेवतात, मग एकेक पॅक कानाशी धरून हलवून पाहतात आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तरच तो लसीशेजारी ठेवतात. कडक गोठलेल्या बर्फाला लसीची कुपी थेट टेकू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप असतो. फ्रीझरमधील बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांतच लसीचे खोके खोचून देण्याची पद्धत पाहिली की मला त्या परिचारिका आठवतात. ही काळजी घेणे आपल्या आरोग्ययंत्रणेला कित्येक वर्षांपासून येते, ते ज्ञान गल्लीतल्या मेडिकलपर्यंत पोचलेले नाही, एवढेच. लस दुकानातच टोचली गेली तर तिचा हा शेवटचा प्रवास टळेल आणि दुकानात लस टोचण्याच्या बाजूने मला सर्वांत मोठा वाटणारा मुद्दा हाच आहे.

पुढच्या वर्षी लस घ्याल तेव्हा डॉक्टरांना लस दवाखान्यातच मागवून ठेवण्याची विनंती करा. ते जमण्यासारखे नसेल तर आधी दवाखान्यात नंबर लावा आणि मगच लस विकत घ्या. दुकानदाराला जेल पॅक कागदात किंवा फडक्यात गुंडाळून लसीपासून वेगळा ठेवायला सांगा.

प्रश्न : मी डी. फार्म. आहे आणि गेली १९ वर्षे तालुक्याच्या गावी औषधाचे दुकान चालवतो. करोनाच्या वेळी लस टोचू शकणाऱ्यांच्या सरकारी यादीत फार्मासिस्टचेही नाव होते. मग तो अधिकार पुढे का चालू राहिला नाही? नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे रिफ्रेशर कोर्स मी वेळच्या वेळी केले आहेत. लस टोचण्यासाठी ते पुरेसे मानता येतील का?
(एक औषधविक्रेते, चोपडा)

उत्तर : आपली माहिती बरोबर आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने करोना लसीकरणाच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत लस टोचू शकणाऱ्यांमध्ये डॉक्टर, परिचारिका आणि एएनएम (गावपातळीवर काम करणाऱ्या सहायक परिचारिका) यांच्याबरोबर फार्मासिस्टचाही उल्लेख होता. मात्र ती परवानगी सरकारी मोहिमेपुरती आणि ठरवून दिलेल्या लसीकरण केंद्रापुरती होती. तिथे पाच जणांचे पथक असे, लस घेतलेल्या माणसाला अर्धा तास बसवून ठेवले जाई, नोंद त्याच वेळी को-विनवर होई आणि कोणाला त्रास झालाच तर पुढे कुठे न्यायचे ते आधीच ठरलेले असे. या सगळ्या व्यवस्थेच्या आधाराने मिळालेली ती परवानगी होती, फार्मसी कायद्यात बदल करून दिलेला अधिकार नव्हता. म्हणून मोहीम ओसरली तशी तीही संपली. तरीही तिचे मोल मी कमी मानत नाही, कारण फार्मासिस्टला हे काम शिकवता येते असे सरकारने त्या वेळी लेखी मान्य केले आणि पुढची मागणी त्या आधारावर करता येईल.

आता रिफ्रेशर कोर्सविषयी. आपल्या नियमावलीनुसार पाच वर्षांत किमान एकेक दिवसाचे दोन कोर्स करावे लागतात. फार्मसी महाविद्यालयात शिकवण्याच्या निमित्ताने मी अशा अनेक कोर्सना वक्ता म्हणून गेलो आहे. सभागृह भरलेले असते, व्याख्याने चांगली होतात, सकाळ-संध्याकाळ हजेरीवर सह्या होतात आणि प्रमाणपत्र हाती पडते, पण सिरिंज मात्र दिवसभरात कोणाच्याही हाती येत नाही. नव्या औषधांची आणि बदललेल्या नियमांची माहिती होण्यासाठी हे कोर्स ठीक आहेत. लस टोचण्यासाठी ते पुरेसे नाहीत, हे आपल्याला स्पष्टपणे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

हाताला वळण लागल्याशिवाय हे काम येत नाही. दंडात लस टोचताना खांद्याच्या टोकाचे हाड बोटांनी चाचपून घ्यावे लागते, त्याखाली दोन ते तीन बोटे अंतर मोजून स्नायूचा जाड भाग शोधावा लागतो आणि तिथे सुई काटकोनात घालावी लागते. जागा दोन बोटे वर सरकली तर लस सांध्याजवळच्या भागात जाऊन खांदा कित्येक महिने धरून राहू शकतो, आणि असे दुखणे घेऊन आलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले आहेत. त्याहून महत्त्वाची आहे ती ॲनाफिलॅक्सिस म्हणजे तीव्र ॲलर्जी ओळखण्याची तयारी. ती क्वचितच येते, पण आली तर मिनिटांचा खेळ असतो. प्रौढ माणसाला अर्धा मिलिलिटर ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत द्यायचे, हे पाठ असणे वेगळे आणि समोरच्या माणसाचा श्वास अडकलेला असताना कुपी फोडून ते बिनचूक भरणे वेगळे. सुई पाहूनच चक्कर येणारा माणूस आणि खरी ॲलर्जी आलेला माणूस यांतला फरकही पुस्तकातून पुरता कळत नाही, तो कोणा अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली राहूनच कळतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात फार्मासिस्टना लसीकरणाचे रीतसर प्रशिक्षण देण्याची सुरुवात १९९४ मध्ये झाली आणि २००९ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात हा अधिकार मान्य केला. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना लस देण्याची मुभा फार्मासिस्टना दिली, तेव्हा तिला घातलेल्या अटी आपण मुद्दाम पाहाव्यात. प्रत्यक्ष टोचण्याच्या सरावासह किमान वीस तासांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण, हृदय बंद पडल्यास करायच्या उपचाराचे चालू मुदतीचे प्रमाणपत्र आणि परवान्याच्या प्रत्येक कालावधीत लसीकरणावर दोन तासांचे नवे शिक्षण त्यांत होते. मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे नियमित तपासणीसाठी नेण्याची आठवण पालकांना करून देण्याची अटही होती. यातले दोन तास मला वीस तासांइतकेच महत्त्वाचे वाटतात, कारण लसी बदलतात, वेळापत्रके बदलतात आणि वर्षभर सुई हाती धरली नाही तर आलेले कसबही जाते.

अमेरिकेच्या चुकीतूनही आपण शिकावे. तिथल्या अनेक राज्यांनी फार्मासिस्टचा अधिकार लसीकरणाविषयीच्या केंद्रीय सल्लागार समितीच्या शिफारशीला जोडून ठेवला होता. २०२५ मध्ये त्या शिफारशींबाबत गोंधळ झाला, तेव्हा काही राज्यांतील दुकानांना करोनाची लस डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणे थांबवावे लागले. फार्मासिस्टचे प्रशिक्षण होते तेच होते, कायद्यातला आधार तेवढा सरकला. आपल्याकडे तरतूद करताना लसींची यादी कोण ठरवणार आणि ती लांबली तर मधल्या काळात काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे लागेल.

आता माझे मत. हा अधिकार महाराष्ट्रातील फार्मासिस्टना मिळावा असे मला मनापासून वाटते, पण तो पदवीला किंवा दुकानाच्या परवान्याला चिकटून मिळू नये. तो प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीच्या नावाने, ठरावीक मुदतीसाठी मिळावा आणि सराव व उजळणी यांचा पुरावा दाखवल्याशिवाय त्याचे नूतनीकरण होऊ नये. सुरुवात फक्त प्रौढांच्या फ्लू आणि न्यूमोकोकल (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची) या लसींपासून करावी. बाळांचे लसीकरण आशा आणि एएनएम यांच्या हाती आहे तिथेच राहू द्यावे, कारण लसीबरोबर त्या बाळाचे वजन पाहतात, आईची विचारपूस करतात आणि चुकलेल्या बाळाच्या घरी जातात. ते काम दुकानातून होणार नाही.

प्रमाणपत्र भाड्याने देऊन दुसऱ्याच माणसाने दुकान चालवण्याचा प्रकार आपल्या व्यवसायात आहे, हे आपण दोघेही जाणतो. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे असा नियम असताना ज्या दुकानात तो कागदावरच हजर असतो, तिथे लसीचा अधिकार देणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. आपल्यासारखे जे स्वतः काउंटरवर उभे राहतात, त्यांच्या संघटनेनेच ही अट सर्वांत आधी मांडावी असे मला वाटते. तशी ती मांडली गेली तर डॉक्टरांच्या संघटनांचा विरोधही बराच सौम्य होईल.

दुकानाची तयारी करायची असेल तर फ्रिजपासून सुरुवात करा. दाराच्या कप्प्यात लस ठेवू नका, आत तापमापक ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा. भारनियमनाच्या वेळी काय करायचे ते आत्ताच ठरवा. लस टोचण्याची परवानगी आली तर वापरलेल्या सुया आणि सिरिंजमुळे आपले दुकान २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांखाली येईल, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्या गल्लीतील मेडिकलवाले काका कुठे लागले-खरचटले की धनुर्वाताचे इंजेक्शन दुकानातच टोचून देतात. ते घ्यावे का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : घेऊ नये. काकांचा हेतू चांगला असेल, पण हे काम आजच्या कायद्यात बसत नाही आणि काही बिघडले तर आपली बाजू मांडायला एक कागदही हाती राहत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने स्वच्छ धुवा आणि जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. कुत्रे चावले असेल तर जखम पंधरा मिनिटे धुवा आणि सरळ रुग्णालय गाठा, कारण तिथे जखम किती गंभीर आहे ते पाहून लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते की नाही हे डॉक्टर ठरवतात. उद्या फार्मासिस्टना लस टोचण्याचा अधिकार मिळाला तरी रेबीजच्या बाबतीत माझा सल्ला हाच राहील.