कॉलनी अजून हँडओव्हर झालेली नाही म्हणे

प्रश्न : काका, दीड वर्षापूर्वी रामबागेतलं जुनं घर सोडून आम्ही बायपासच्या पलीकडे नव्या कॉलनीत रो-हाउस घेतलं. एकूण ९६ घरं, त्यातली साठेक भरलीत. नर्मदेची लाइन अजून नाही, एप्रिल लागला की बोअरिंग हवा फेकतं, मग टँकर. रस्त्यावरचे निम्मे लाइट बंद. बिल्डरकडे गेलं की तो म्हणतो नगर निगमला सांगा, निगमच्या झोन ऑफिसात गेलं की म्हणतात कॉलनी हँडओव्हर झालेली नाही. ग्रुपवर रोज भांडणं आणि मीटिंग ठेवली की मोजून सहा जण येतात. सुरुवात कुठून करायची?
– एक गृहिणी, इंदूर

उत्तर : ताई, हे "हँडओव्हर झालेली नाही" मी आमच्या कॉलनीत इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणू शकतो. आणि गंमत म्हणजे ते झोनवाले खोटं बोलत नसतात. कामं पूर्ण होऊन कॉलनी निगमकडे जात नाही तोवर रस्ते, लाइट, ड्रेनेज हे सगळं बिल्डरच्याच गळ्यात असतं. तेव्हा झोन ऑफिसात चपला झिजवणं सध्या बंद करा, निगमच्या ३११ ॲपवर तक्रार टाकून ती क्लोज झाली म्हणून चिडणं पण बंद करा, तुमच्या तक्रारीचा पत्ताच वेगळा आहे.

बिल्डरकडून घर घेणाऱ्यांसाठी २०१६ चा रेरा कायदा आहे, त्याचं कलम ११ वाचा, हिंदीत पण मिळतं. रहिवाशांची संस्था कारभार हातात घेईपर्यंत आवश्यक सेवा बिल्डरने चालवायच्या, त्याचे वाजवी पैसे तो घेऊ शकतो. आणि निम्म्याहून जास्त घरं बुक झाली की तीन महिन्यांत ती संस्था उभी करून देणं हे पण त्याचंच काम. तुमच्याकडे साठ घरांत लोक राहतायत, म्हणजे ती मुदत कधीच उलटून गेली. पण तो आपण होऊन कशाला करेल, एकेकटा माणूस तक्रार घेऊन आला की त्याला चहा पाजून परत पाठवता येतं, संस्थेच्या लेटरहेडला चहा पाजता येत नाही.

सहा जण येतात म्हणता ना, मग अजून एक शोधा. १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमात सात जणांवर समिती रजिस्टर होते. रो-हाउस आणि प्लॉटवाल्या कॉलन्यांचे रहवासी संघ बहुतेक असेच झालेत, फ्लॅट असतील तर २००० चा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम लागतो, तो वेगळा. अर्थात सातांवर थांबू नका, रेरा प्राधिकरणात तक्रार घेऊन जाताना मागे निम्मी कॉलनी तरी उभी दिसायला हवी.

आता लोक कसे आणायचे, तर आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आमच्या मीटिंगला पण कुत्रं फिरकायचं नाही. मग एका रविवारी मी आणि शेजारचे एक रिटायर्ड ओव्हरसियर, आम्ही रेराच्या साइटवरून कॉलनीचा मंजूर नकाशा काढला, मोठ्या कागदावर प्रिंट घेतली आणि टेप आणि खडू घेऊन निघालो. नकाशात आहे पण जागेवर नाही, तिथे खडूने फुली. पहिल्या गल्लीत आम्ही दोघंच, तिसऱ्या गल्लीपर्यंत मागे नऊ जण झाले, शिवाय पोरं, त्यांना खडू पाहिजे होता. एक वहिनी गॅस बंद करून बाहेर आल्या कारण फुली त्यांच्याच फाटकासमोर पडली होती. नकाशात तिथे पावसाच्या पाण्याचं चेंबर होतं, खाली नुसती माती, आणि त्या बिचाऱ्या दोन पावसाळे पाणी घरात का शिरतं म्हणून वास्तूवाल्याला पैसे देत होत्या! सगळ्या मिळून ३१ फुल्या झाल्या. नंतर पोहे त्यांच्याच अंगणात झाले, वरून शेव आणि जीरावन मसाला, आणि पोह्याच्या प्लेटा बाजूला सारून तिथेच वही उघडली तर १९ सह्या. मीटिंगचा मेसेज टाकून कधी चार सह्या झाल्या नव्हत्या.

फुल्यांची यादी बिल्डरला स्पीड पोस्टाने पाठवा, फोनवर बोलू नका, फोनवर तो फार गोड बोलतो. बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर कळवल्यापासून ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो (कलम १४). पाच वर्षं म्हणजे खूप वाटतात, पण तुमचं दीड वर्ष ग्रुपवरच गेलं.

पाण्याचं मात्र नुसत्या पत्राने भागणार नाही. नर्मदा इंदूरला आली तीच मुळी १९७० च्या पाण्यासाठीच्या आंदोलनानंतर, १९७८ मध्ये, आणि सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने वर चढवून आणावी लागते. जुन्या वस्त्यांत पण कितीतरी ठिकाणी एक दिवसाआड येते. तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल, तोवर गार्डच्या केबिनमध्ये एक वही लटकवा, टँकर किती वाजता आला, किती लिटरचा, कोणाच्या टंकीत गेला. आमच्याकडे दोन महिन्यांची वही बघून कळलं की कोपऱ्यावरच्या तीन घरांत लॉनला टँकरचं पाणी जात होतं. फार नाही बोललो कोणी, वही फक्त नोटीस बोर्डाखाली ठेवली.

आणि छताचं पाणी जमिनीत सोडा. १००० चौरस फूट छत आणि ३५ इंच पाऊस धरला तर एका घरावर वर्षाला ८० हजार लिटरच्या वर पाणी पडतं, म्हणजे ५ हजारवाले १६ टँकर. सगळं हाताशी लागत नाही हे मान्य, थोडं वाया जातं, पण "पग पग नीर", म्हणजे पावलोपावली पाणी, असं म्हणतात त्या माळव्यात राहून टँकरवाल्याच्या फोनची वाट बघायची म्हणजे जरा कसंतरीच वाटतं. पहिल्या पावसाचं पाणी तेवढं बाहेर सोडून द्या, छतावरची धूळ असते त्यात, आणि बोअरिंगच्या आधी फिल्टर लावायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या कॉलनीत गार्डनची जागा आहे, आता बिल्डर म्हणतो त्यातल्या कोपऱ्यात दोन प्लॉट निघतात, उरलेल्यात झोपाळे लावून देतो, मेंटेनन्स पण सहा महिने माफ. निम्मे लोक तयार आहेत. भांडायचं का?
– एक वाचक, राऊजवळ

उत्तर : झोपाळे तर तसेही त्याने लावायचेच होते ना! मंजूर नकाशातली सामायिक जागा बदलायची तर बिल्डर सोडून बाकीच्या घरमालकांपैकी दोन तृतीयांश लोकांची आधी लेखी संमती लागते, रेराचं कलम १४ च आहे हे पण. निम्मे म्हणजे दोन तृतीयांश नाही. सध्या कोणी कशावर सही करू नका, आधीच कोणी केली असेल तर त्या कागदाची झेरॉक्स मागा, बऱ्याचदा तो "झोपाळे बसवण्यास हरकत नाही" असा कागद असतो आणि खालच्या ओळीत काय लिहिलंय ते घरी येऊन चष्मा लावल्यावर दिसतं. गार्डनचा आजचा फोटो काढून ठेवा, चारही बाजूंनी.

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो, तीन वर्षं झाली. मीटिंगला बोलवत नाहीत पण गणपतीची वर्गणी मागायला बरोबर येतात. हे बरोबर आहे का?
– एक नोकरदार, निपानिया

उत्तर : भिया, कायद्याचं म्हणाल तर रेरात भाडेकरू धरत नाहीत, त्यामुळे बिल्डरच्या भांडणात तुमचं मत मोजणार नाहीत. पण टँकर, कचरा, गार्ड, ही रोजची कामं कोणी करायची हे ठरवायला घर नावावर कशाला लागतं? २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं म्हणून मिरवणाऱ्या गावात ओला-सुका डबा तुम्ही पण वेगळाच करता ना. आमच्याकडे पाण्याची वही तीन वर्षं एक भाडेकरूच सांभाळतोय, घरमालक पुण्यात असतो, त्याला आपल्या टंकीचं झाकण कुठल्या रंगाचं आहे ते पण सांगता येणार नाही. वर्गणी द्या आणि देताना पावतीवर सही करणाऱ्यालाच विचारा, पुढची मीटिंग कधी, मी खुर्च्या आणतो.