सिस्टरने औषध द्यायचे, तर आधी काय शिकायचे?

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यातील एका उपकेंद्रात सहा वर्षांपासून आरोग्यसेविका आहे. सुरक्षित प्रसूतीचे २१ दिवसांचे प्रशिक्षण मी घेतले आहे. डॉक्टर हजर नसताना काही इंजेक्शने देण्याची आम्हाला मुभा आहे, असे प्रशिक्षणात सांगितले; सहकारी मात्र म्हणतात की नर्सला औषध ठरवण्याचा अधिकारच नाही. यातले खरे काय? झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देण्याची वेळ आली तर माझा हात धजेल असे मला वाटत नाही.

उत्तर : आपण ऐकलेल्या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांची गल्लत होते आणि त्यातून भीती वाढते. रुग्ण तपासून, हवे ते औषध निवडून, ते चिठ्ठीवर लिहून देण्याचा सर्वसाधारण अधिकार आपल्या देशात नर्सला नाही. मात्र ठरावीक प्रसंगी ठरावीक औषध ठरावीक मात्रेत देण्याची परवानगी केंद्र शासनाने आरोग्यसेविका, आरोग्य सहायिका आणि स्टाफ नर्स यांना दिलेली असून, २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत द्यायचे. ते उपलब्ध नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने द्यायच्या. आणि झटके आलेल्या मातेला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवायचे. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या मातेसाठी, बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून द्यायच्या डेक्सामेथासोनची भर २०१४ मध्ये पडली. तेव्हा या चौकटीत राहून आपण औषध देता, ते शासनाने सोपवलेले कामच करता.

आता भीतीबद्दल. ती कुठून येते हे मी प्रशिक्षणवर्गांत अनेकदा पाहिले आहे. मॅग्नेशियम सल्फेटच्या ५० टक्क्यांच्या २ मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असते आणि पहिला डोस १० ग्रॅमचा असतो. म्हणजे दहा अँप्यूल फोडायच्या, पाच एका कुल्ल्यात आणि पाच दुसऱ्या कुल्ल्यात, खोल स्नायूत द्यायच्या. ट्रेमध्ये त्या दहा काचेच्या नळ्या ओळीने मांडल्या की वर्गातली अनुभवी सिस्टरसुद्धा थबकते, कारण एरवी एका रुग्णाला एक अँप्यूल देण्याची तिच्या हाताला सवय असते. मग चार-पाच नळ्यांवरच हात थांबतो आणि मातेला अर्धाच डोस मिळतो. म्हणून माझे सांगणे असे की दहाही अँप्यूल, सिरिंज आणि सुया एकाच डब्यात बांधून ठेवाव्यात, आणि रिकाम्या नळ्यांनी दर महिन्याला एकदा ही सगळी कृती हाताने करून पाहावी.

या औषधामागचा पुरावा भक्कम आहे. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांना झटके येण्याचा धोका या औषधाने निम्म्याहून कमी झाला होता. औषधाची मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, हेही तितकेच खरे. म्हणूनच रुग्णालयात पुढचा प्रत्येक डोस देण्यापूर्वी गुडघ्यावर हलके ठोकल्यावर पाय उडतो का, श्वासांची गती आणि लघवीचे प्रमाण तपासतात आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवतात. आपल्याकडून पहिल्याच डोसची अपेक्षा आहे. तो दिल्यावर संदर्भ चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ ठळक अक्षरांत लिहा, आणि १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरांना तोंडीही सांगा. चिठ्ठी कोरी राहिली आणि रुग्णालयात पुन्हा पूर्ण पहिला डोस दिला गेला, तर त्या मातेच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्न : मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. मिडवाइफरीचा (प्रसूतिसेवेचा) नवा अभ्यासक्रम येत आहे आणि त्यात विद्यार्थिनींना अधिक स्वायत्तपणे काम करायचे आहे. औषधशास्त्राचे तास वाढवले, तर औषधे सुरक्षितपणे देण्याची तयारी पुरी होईल का?

उत्तर : होणार नाही, असे मला ठामपणे वाटते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी या पदासाठी १८ महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले. हा काळ औषधांच्या नावांनी भरून टाकणे सोपे आहे, पण चुका बहुतेक नावांत होत नाहीत. त्या होतात हिशेबात, औषध कधी देऊ नये हे न कळण्यात आणि न लिहिण्यात.

हिशेबाचे उदाहरण घ्या. जेन्टामायसिन या प्रतिजैविकाच्या मोठ्यांच्या कुपीत १ मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम औषध असते, लहान मुलांच्या कुपीत १० मिलिग्रॅम. बाळाला १० मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर लहान मुलांच्या कुपीतून १ मिलिलिटर घ्यायचे आणि मोठ्यांच्या कुपीतून पाव मिलिलिटर. रात्री दोन वाजता, मंद दिव्याखाली, हातात चुकीची कुपी आली आणि सवयीने १ मिलिलिटर भरले, की बाळाला चौपट औषध जाते. आणि या औषधाच्या जादा मात्रेने मूत्रपिंड व कान या दोहोंना इजा होऊ शकते. ब्रिटनमध्ये पात्र नर्सना २००६ पासून, आपल्या कौशल्याच्या मर्यादेत, जवळपास कोणतेही परवानाप्राप्त औषध लिहून देता येते. तिथल्या नियामक परिषदेने त्या वेळी या अभ्यासक्रमासाठी जे निकष घातले, त्यांत औषधशास्त्राला ८० टक्के गुणांची अट होती आणि औषधांच्या गणिताला १०० टक्के. एकही उदाहरण चुकलेले चालणार नव्हते. शाळेत पस्तीस टक्क्यांवर उत्तीर्ण होण्याची सवय झालेल्या मुलींना ही अट कठोर वाटेल. तरीही ती लावावी, आणि रोज सकाळी हजेरीआधी फळ्यावर दोन उदाहरणे सोडवून घ्यावीत.

‘कधी देऊ नये’ हा भाग तर आपल्याकडे फारच घाईने उरकला जातो. रक्तस्राव थांबवणारे मिथाइलअर्गोमेट्रिन उच्च रक्तदाब असलेल्या मातेला देऊ नये. बाळ जन्मल्यावर जीव वाचवणारे ऑक्सिटोसिन बाळ पोटात असताना, कळा वाढाव्यात म्हणून, मोजमापाशिवाय इंजेक्शनने दिले तर गर्भाशय फाटू शकते. औषध तेच, हात तोच, फरक काही मिनिटांचा. नातेवाईक दारात उभे राहून ‘सिस्टर, लवकर होण्याचे इंजेक्शन द्या’ म्हणत असताना नाही कसे म्हणायचे, हे मुलींना अभिनय करवून शिकवावे लागते. एकीने सासू व्हावे, एकीने नवरा, आणि तिसरीने नकार द्यावा, तोही न रागावता आणि कारण सांगून.

थोडीच औषधे पण पक्की शिकवली तर काय घडते, हे पाहायला दूर जाण्याची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून जेन्टामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचे प्रतिजैविक देण्याचे काम त्यांनी केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. त्या स्त्रियांना औषधे मोजकीच दिलेली होती, पण लक्षणे पक्की शिकवलेली होती आणि देखरेख सतत होती. आपल्या विद्यार्थिनींनाही पदवीनंतरचे पहिले सहा महिने कुणीतरी अनुभवी व्यक्ती नोंदवही तपासायला हवी. चूक कबूल करणारीला मेमो मिळाला की बाकीच्या पुढच्या चुका लपवतात, एवढे प्राचार्यांना आवर्जून सांगा.

प्रश्न : आमच्या गावच्या आरोग्य मंदिरातली (सरकारी आरोग्य केंद्रातली) सिस्टर दर महिन्याला माझ्या बीपीच्या गोळ्या देते. डॉक्टर क्वचितच भेटतात. हे योग्य आहे का?

उत्तर : व्यवस्था तशीच आखलेली आहे. उपचार प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सुरू करतात. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमलेली सिस्टर त्याच गोळ्या पुढे देते, रक्तदाब मोजते आणि अडचण आली तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांशी बोलणे करून देते. दर भेटीत रक्तदाबाचा आकडा कार्डावर लिहिला जातो का, ते पाहा; आकडा न घेताच गोळ्या हातात पडत असतील तर थांबून मोजायला सांगा. खासगी दवाखान्यातल्या किंवा वैद्यांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटे सोबत न्या. आपल्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका, गरोदर सुनेला किंवा लेकीला तर मुळीच नाही. एनालॅप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला अपाय होतो. तिचा रक्तदाब वाढलेला आढळला तर त्याच दिवशी तिला सिस्टरकडे घेऊन जा.