तक्त्यावरचा त्रिकोण ओळखते, उलटा काढला की 'नाही' म्हणते. साडेचार वर्षांच्या मुलीला घरी आकार कसे शिकवू? लाकडी आकारांचा महागडा संच घ्यावा का?

संच घेऊ नका. आणि तुमची लेक चुकत नाहीये, हेही आधीच सांगते.

तक्त्यावर तिने त्रिकोण कायम एकाच रूपात पाहिला आहे: खाली सपाट, वर टोक. या वयात मुलं बाजू मोजत नाहीत, तोंडवळ्यावरून आकार ओळखतात. व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या, त्यातली ही पहिलीच पायरी. मी डहाणूकडे बालवाडी घेते. दरवर्षी जूनमध्ये अशी चार-पाच मुलं हमखास असतात.

तेव्हा तक्ता थोडे दिवस गुंडाळून ठेवा आणि खराट्याचे हीर काढा. त्यांचे बोटभर लांबीचे सारखे तुकडे करा. घट्ट मळलेल्या कणकेच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळायला तिलाच सांगा. काड्यांची टोकं गोळ्यांत खोचून एक त्रिकोण होईल, एक चौरस. आता दोन्हींचा एकेक कोपरा हलकेच दाबायचा. चौरस लगेच कलतो, त्याची शंकरपाळी होते. त्रिकोण जागचा हलत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने तो इतका दाबला की काडी मोडली. म्हणाली, "बाई, हा ऐकतच नाही!" छपराच्या कैचीत, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यात, त्रिकोण का असतात, ते तिच्या बोटांना कळलं होतं.

मग तोच त्रिकोण तुमच्या लेकीच्या हातात उलटा करा आणि कोपरे मोजायला सांगा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक काडी खूप लांब आणि दोन अगदी आखूड द्या. टोकं जुळणारच नाहीत. कारण सांगायची घाई करू नका, तिला झटू द्या.

शब्दांकडेही लक्ष ठेवा. आपण घरात सरसकट 'चौकोन' म्हणतो, पण चारही बाजू सारख्या आणि कोपरे काटकोनी असले तरच तो चौरस. पोळी वर्तुळ, लाडू गोल. त्रिकोण आणि चौकोन या शब्दांतच कोपऱ्यांची संख्या आहे. एकेका कोपऱ्यावर बोट टेकवत मोजलं की नाव वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता चित्राकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे दिसतं. आमच्याकडच्या वारली चित्रात माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. कमरेचा सुलटा, छातीचा उलटा. ज्या मुलीला उलटा त्रिकोण त्रिकोण वाटत नाही, तिला माणूस उभा करायला तोच काढावा लागतो! डोकं वर्तुळ, डोंगर त्रिकोण, आणि लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर लिहितात तो देवचौक चौकोनी. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती याच चित्रांसाठी.

घरी करायला खाकी कागद पुरे. त्यावर गेरू कालवून लावा आणि वाळू द्या. तांदळाची पिठी पाण्यात दाटसर कालवा. बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की झाला कुंचला. आधी कमरेचा त्रिकोण, त्याच्या टोकावर छातीचा, मग हातपाय. रेघ वाकडी गेली तर पुसू नका आणि तिचा हात धरून काढू नका, एवढं माझं ऐका.

संचाला मी नाही म्हटलं त्याचं कारणही इथलंच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात शिकवण्याची साधनं शंखशिंपले, बिया, पानं, खडे अशीच असायची. तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त आहे. भेंडी आडवी कापून ठसे काढा, बहुतेक पंचकोन उमटेल. करंजी अर्धवर्तुळ आहेच.

माणसं काढणं जमायला लागलं की तारपा नाच काढायला द्या: मध्ये तारपा हे वाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग. ती रांग वर्तुळात बंद होत नाही, वळत वळत आत जाते. याला काय म्हणायचं, असं ती नक्की विचारेल. चकली म्हणा, सध्या तेवढं चालेल.