साखरपाण्यावर सुतार पक्षी

प्रश्न : मी सध्या लेकीकडे न्यू जर्सीला आलेय. तिने गॅलरीत हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली टांगलीय. त्यावर लाल गळ्याचा इवलासा हमिंगबर्ड येतो, पण मानेवर लाल ठिपका असलेला काळापांढरा छोटा सुतार पक्षीही येऊन तेच पितो! तो तर किडे खातो ना? दोघांचं काही नातं आहे का?

उत्तर : काकू, तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे. पहिला रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड, वजन जेमतेम ३ ग्रॅम, आणि दुसरा बहुतेक डाउनी वुडपेकर, तिथला सगळ्यात छोटा सुतार पक्षी, साधारण २५ ग्रॅमचा. नातं म्हणाल तर जवळचं काहीच नाही, पण जिभेची गंमत बघा, दोघांच्याही जिभेचा आधार कवटीच्या मागून वळसा घालून पार कपाळापर्यंत येतो, म्हणून तर जीभ एवढी लांब बाहेर काढता येते. डाउनीच्या जिभेला बारीक काटे असतात, लाकडातल्या अळ्या ओढायला, आणि हमिंगबर्डच्या जिभेचं टोक दुभंगलेलं, झालरवालं, ते फुलातल्या गोड रसात उघडतं आणि बाहेर येताना मिटून तो रस धरून आणतं. मला तर हे वाचल्यापासून दोन्ही पक्षी वेगळेच दिसायला लागलेत.

आणि गोड डाउनीलाही आवडतं हो. तिथे सॅपसकर नावाचा आणखी एक सुतार पक्षी झाडाच्या सालीला भोकं पाडून रस काढतो, तिथेही हे दोघं रस प्यायला येतात, म्हणजे तुमची बाटली त्यांच्यासाठी काही नवीन नाही.

लाल रंगाकडे पण नीट बघा, हमिंगबर्डचा गळा ऊन पडलं की पेटतो आणि सावलीत काळा दिसतो, कारण ती चमक पिसाच्या रचनेमुळे असते. डाउनीचा ठिपका मात्र खरा रंग, कुठूनही लालच. दोन्हीकडे लाल म्हणजे नर.

लेकीला सांगा, १ वाटी साध्या पांढऱ्या साखरेला ४ वाट्या पाणी, बास, गूळ, मध किंवा लाल रंग अजिबात नको, आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी बाटली धुवायचीच. हमिंगबर्ड थंडीआधी मध्य अमेरिकेकडे निघतो, त्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात न थांबता पार करतात, त्यामुळे सप्टेंबरभर बाटली काढू नका. डाउनी कुठेच जात नाही, बर्फातही तुमच्या गॅलरीत येईल, त्याच्यासाठी सूर्यफुलाच्या बिया ठेवा.