स्टिअरिंग जड झालंय? रॅक बदलण्याआधी ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सात सीटची डिझेल गाडी, दहा वर्षं जुनी. सकाळी स्टार्ट केल्यावर स्टिअरिंग दगडासारखं जड, वळवताना बॉनेटखालून ‘घूंऽऽ’ आवाज, थोडी रेस दिली की हलकं होतं. वर्कशॉपने पॉवर स्टिअरिंगचा पंप (ऑइलच्या दाबाने स्टिअरिंग हलकं करणारा) आणि रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा दातेरी भाग) दोन्ही बदलायला सांगितलेत. गणपतीला आईवडिलांना घेऊन कोकणात उतरायचंय म्हणून घाई आहे. घाई समजते, पण रॅकला आत्ताच हो म्हणू नका. खाली थेंब पडत नाही तरी स्टिअरिंगच्या टाकीतलं ऑइल हळूहळू उतरतंय, असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या गाडीला हेच झालं होतं. कुंभार्ली घाट उतरताना, पोफळीच्या अलीकडच्या वळणांवर स्टिअरिंग एकदम अडल्यासारखं झालं. मागे आई आणि मुलगी बसलेल्या. दोन्ही हातांनी ओढून गाडी वळवली आणि जागा मिळाल्याबरोबर बाजूला घेतली. नंतर गॅरेजमध्ये नवा पंप बसवला. दोन महिन्यांत तोही ओरडायला लागला. शेवटी एका वयस्क फिटरने पंपाला हातसुद्धा न लावता आधी टाकीचं झाकण उघडलं. आतलं लाल ऑइल सोलकढीसारखं गुलाबी झालेलं, वर बारीक फेस. ‘पंप हवा पितोय,’ एवढंच ते म्हणाले.

होतं असं. टाकीतून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप ही ओढीची बाजू. तिथे दाब नसतो, उलट पंप ऑइल खेचत असतो. त्या पाइपाची क्लिप सैल झाली किंवा आतली ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारं रबरी कडं) कडक झाली, की ऑइल फारसं बाहेर न येता हवा आत शिरते. म्हणून जमीन कोरडी. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. फेसाळ ऑइलवर पंप दाब धरू शकत नाही आणि रॅकला मदत मिळत नाही. सकाळी ऑइल घट्ट असतं, रबर आकसलेलं असतं, म्हणून तेव्हा त्रास जास्त. अशी हवा पीत महिनोन्‌महिने चालवलं तर चांगला पंपही आतून खरवडला जातो. माझा नवा पंप असाच गेला.

आता उद्या सकाळी थंड गाडीवर हे करा. आधी झाकण उघडून टॉर्चने ऑइल बघा. मग कुणाला तरी स्टार्ट करून स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि पुन्हा बघा. फेस आला तर ओढीच्या पाइपाची दोन्ही टोकं बोटाने चाचपा. क्लिपेभोवती धुळीचं ओलसर कडं जमलेलं असेल. इंजिन बंद असताना तिथून ऑइल किंचित पाझरतं. पाइप आणि ओ-रिंग नवी टाका, स्प्रिंगची जुनी क्लिप काढून स्क्रूची ज्युबिली क्लिप लावा. टाकीच्या तळाला बारीक जाळी असते. ती गाळाने भरली तरी पंप असाच उपाशी राहतो. बऱ्याच गाड्यांत जाळी निघत नाही, टाकीच बदलावी लागते. तरीही रॅकच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

ऑइल कुठलं, हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत डेक्सरॉन नावाचं लाल ऑइल चालतं, काहींत हिरवं सिंथेटिक. दोन्ही मिसळू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, सगळी सीलं जातात. गळती थांबवणारी बाटली कुणी आग्रहाने दिली तरी घेऊ नका. रबर फुगवून ती चार दिवस ढकलते आणि खरा दोष झाकते.

हवा काढायला पुढची दोन्ही चाकं उचला आणि गाडीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, ऑइल उतरेल तसं भरत राहा. पंधरा मिनिटं थांबा, मग स्टार्ट करून तेच. फुल लॉकवर, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन, पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. तिथे दाब कमाल असतो आणि ऑइल तापतं. फेस गेला, आवाज गेला, की झालं.

गाडी उचललेलीच आहे तर आणखी एक बघा. इंजिन बंद आणि चाकं हवेत असतानाही स्टिअरिंग अडखळत असेल, तर दोष ऑइलचा नाही. बॉलजॉइंट (चाकाजवळचा गोलाकार सांधा) किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा गंजलेला क्रॉस (दांड्याचा वळणारा सांधा) तपासा. पंप फिरवणारा पट्टा चकाकत असेल किंवा वळवताना ‘किर्रऽऽ’ करत असेल, तर पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बघा. पावसात पाणी उडाल्यावरच जड होणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा हेच निघतं.

रॅकवर संशय कधी घ्यायचा? एकाच बाजूला वळवताना जड लागत असेल तेव्हा, किंवा रॅकच्या दोन टोकांचे रबरी बूट दाबल्यावर आत ऑइल लागलं तेव्हा. वर्कशॉपमध्ये समोर उभं राहून ते बूट उघडून दाखवायला सांगा. कोरडे असतील, तर रॅक कशासाठी बदलायचा हे त्यांनाच विचारा.

दुरुस्तीपर्यंत घाटात जाऊ नका. पंप गेला तरी स्टिअरिंगचा दांडा चाकांना जोडलेलाच असतो, गाडी वळते, पण ऐन वळणावर अचानक पडणारा जोर आईवडिलांना घेऊन चालवताना नको. आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे काही जण मी आजही बघतो. त्यात स्टिअरिंगची मदत जाते आणि ब्रेकचीही दोन-तीन दाबांत संपते. हे कधीच करू नका.

पाइप बदलून, हवा काढूनही दोन दिवसांनी फेस परत दिसला, तर पंपाच्या शाफ्टचं सील हवा घेतंय असं समजा. तेव्हा पंप उतरवायला हरकत नाही. उद्या टाकीत ऑइलचा रंग काय दिसला ते लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.