तगरीवरची हिरवी अळी

प्रश्न : अंगणातल्या तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी आहे, डोक्यामागे दोन निळे डोळे दिसतात. ती कोणती? विषारी आहे का?

उत्तर : ही ‘डॅफ्निस नेरी’ या पतंगाची अळी असून ती दंश करीत नाही आणि तिचे शेपटाकडचे आखूड शिंगही टोचत नाही. ते निळे, मध्ये पांढरे ठिपके म्हणजे डोळे नव्हेत. अळी बिथरली की डोके आत ओढून पुढचा भाग फुगवते, तेव्हा ते टपोरे दिसतात आणि भक्ष्य शोधणारा पक्षी बिचकतो. कण्हेर आणि सदाफुलीचीही पाने ती खाते. वाढ पूर्ण झाल्यावर ती तपकिरी होऊन खाली उतरते व पाचोळ्यात कोष करते, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा सध्या झाडू नये. पुढे हिरव्या-गुलाबी नक्षीचा देखणा पतंग बाहेर पडतो आणि तिन्हीसांजेला फुलांसमोर तरंगत लांब सोंडेने मध पितो. कीटकनाशक कृपया फवारू नका. तगरीला नवी पालवी फुटतेच.