कामगार दर महिन्याला उचल मागत असतील तर मालकाने काय करावे?

आपल्या कारखान्यातील काही कामगार दर महिन्याला उचल मागतात आणि एकाच्या कर्जवसुलीचे फोन थेट कार्यालयात येतात, तेव्हा मालक म्हणून मदत कुठवर करावी, असे आपण विचारले आहे. लहान कारखान्यांच्या पगाराचे हिशेब मी बरीच वर्षे पाहत आलो आहे.

कारण न कळता दिलेली उचल पुढच्या पगारात तेवढीच तूट पाडते आणि तोच माणूस महिन्याभरात पुन्हा आपल्यासमोर उभा राहतो. म्हणून आधी त्याला एकट्याला बोलावून कर्ज कोणाचे, व्याज किती आणि हप्ता किती एवढेच विचारावे. काटकसरीवर प्रवचन देऊ नये. माझ्या पाहण्यात अशा कर्जांच्या मुळाशी बहुधा दवाखाना किंवा घरातले लग्न असते, चैन क्वचितच.

दवाखान्याचे कर्ज तर पुष्कळदा टाळता येण्याजोगे असते. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत येतो, त्याची वर्गणीही कापली जाते, पण कुटुंबीयांची नावेच नोंदवलेली नसल्यामुळे तो उसने पैसे घेऊन खासगी रुग्णालय गाठतो. वर्गणीची अट पूर्ण असल्यास आजारपणाच्या रजेत वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते, हेही अनेकांना ठाऊक नसते. भविष्य निर्वाह निधीतही आधारवरचे आणि खात्यावरचे नाव जुळत नाही एवढ्यासाठी स्वतःचेच पैसे अडकून पडतात. ही दुरुस्ती आपल्या कार्यालयाने पुढाकार घेऊन करून द्यावी. माझ्या मते उचलीपेक्षा तिचा उपयोग मोठा आहे.

उचल द्यायचीच तर ती बिनव्याजी असावी आणि तिची मर्यादा व हप्ते सर्वांसाठी सारखे, लेखी ठरलेले असावेत, म्हणजे मर्जीतल्यांनाच पैसे मिळतात ही कुजबुज उरत नाही. कायद्याप्रमाणे पगारातील एकूण कपात निम्म्याहून अधिक करता येत नाही, पण निम्म्या पगारात घर चालत नाही, हे हप्ता ठरवताना ध्यानात असू द्यावे.

वसुलीचा फोन आल्यास कामगाराचा पगार किंवा पत्ता सांगू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली करणाऱ्यांना कर्जदाराला सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, धमकावताही येत नाही. कर्ज मोबाइल अॅपवरून घेतलेले असेल तर त्यामागे नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था आहे का, हे आधी तपासावे. महिन्याला दहा टक्के घेणारा सावकार असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहकार खात्यातील सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते, आणि तो अर्ज लिहायला आपण कामगाराला जरूर मदत करावी. जामीन मात्र राहू नये, कारण मग त्याला नोकरी सोडणे अवघड होते आणि आपल्याला त्याला काही सांगणे.